परमुलखातील पहिली इयत्ता

(सांगली येथे भरलेल्या ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिले आहे.)



"परदेशी गेलेली आपली मुले" या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही कोणी विद्वान नव्हे, फार हिंडलेले-फिरलेलेही नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि अडतीस वर्षे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत पहिली-दुसरीच्या मुलांचे बोट धरून त्यांच्याकडून अक्षरे गिरवून घेतली. एवढेच आमचे भांडवल. तेव्हा परदेशातील पगार, तेथील घरे आणि रस्ते यांची वर्णने ज्यांना ऐकावयाची असतील, त्यांची आमच्याकडून निराशा होईल. आम्ही बोलणार आहोत ते अक्षरांविषयी. आणि उतारवयात पुन्हा पहिलीच्या पाटावर बसण्याचा जो प्रसंग आमच्यावर आला, त्याविषयी.

सन २०१९ च्या जानेवारीत आम्ही उभयता इस्रायल देशातील रेहोवोत या गावी तीन महिन्यांसाठी गेलो. तेथे वाइझमन संस्था ही विज्ञानसंशोधनाची मोठी संस्था आहे. आमचे जावई तेथे दोन वर्षांच्या संशोधनासाठी गेलेले होते आणि मुलीचे पहिले बाळंतपण होते. (ती मंडळी यथावकाश स्वदेशी परतली, त्या देशात त्यानंतर जी युद्धे झाली व जे राजकारण चालते, तो आजचा आपला विषय नव्हे.) घरात मुलगी, तान्हे बाळ आणि आमची पत्नी. बाहेरून दूध, भाजी, औषध आणण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले.

मंडळी, साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून चालताना आपण पाट्या वाचतो आहोत, हे आपल्या ध्यानातही येत नाही. डोळे आपोआप वाचत असतात. त्या गावात पहिल्याच सकाळी ते डोळे एकाएकी निकामी झाले. हमरस्त्यावरील पाट्यांवर इंग्रजी असते. परंतु दुकानाची पाटी, पुड्यावरील मजकूर, दारावर चिकटविलेली सूचना, सारे हिब्रू भाषेत. चौकोनी, ठसठशीत अक्षरे, आणि तीही उजवीकडून डावीकडे जाणारी. आम्ही दूध म्हणून जे आणले ते निघाले ताकासारखे आंबट. चहा फुटला. मुलगी हसली, पत्नीही हसली. आम्हीही हसलो, परंतु मनात काहीतरी टोचले. अडतीस वर्षे ज्याने इतरांची निरक्षरता घालविली, तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी निरक्षर झाला होता. शेजारचे गृहस्थ जिन्यात भेटले की काही विचारीत, आणि आम्ही नुसते हात जोडून उभे. आठ दिवसांत आम्ही जिन्यात कोणाची चाहूल लागली की दार लोटून घेऊ लागलो.

अशा मनःस्थितीत एके दिवशी जावयांबरोबर जवळच्या रामला गावच्या बाजारात गेलो. भाजीच्या गाड्यावर कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन एक वृद्ध बाई बरोबरच्या बाईला म्हणाल्या, "अगो, ही कोथमीर बघ कशी मरगळलीय!" आम्ही जागच्या जागी थबकलो. दोन आठवडे बहिऱ्यासारखा फिरणारा माणूस एकदम ऐकू लागला. आम्ही पुढे होऊन नमस्कार केला आणि म्हणालो, "बाई, आपण कुठल्या?" त्या म्हणाल्या, "मूळच्या आम्ही रेवदंड्याच्या. तुम्ही?" आम्ही सातारा-सांगलीकडचे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो कंदी पेढ्यांचा!

या आजींविषयी सांगण्यापूर्वी त्यांच्या समाजाविषयी थोडे सांगितले पाहिजे. यांना बेने इस्रायल म्हणतात. बेने म्हणजे पुत्र. त्यांची परंपरा अशी की, अनेक शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांनी कोकणात तेलाचे घाणे घातले आणि धर्मानुसार शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावे पाहा: रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहीमकर. सणांची नावेही त्यांनी मराठीत ठेवली. त्यांचे नववर्ष म्हणजे नव्याचा सण. वाल खाऊन सोडावयाचा उपवास म्हणजे बिरड्याचा रोजा. नवस फेडताना पोहे, नारळ, साखर आणि फळे यांचा मलिदा करतात. हिब्रू भाषा ते विसरून गेले होते. "शेमा" ही एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली होती. पुढे सन १८३२ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. सन १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहीमकर यांच्या प्रयत्नांनी मुंबईत या समाजाची शाळा निघाली. म्हणजे हिब्रूकडे परतण्याची त्यांची वाटही मराठीतूनच गेली.

सन १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि जगभरातून ज्यू लोक तेथे लोटले. स्थापनेच्या वेळी तेथील ज्यूंची संख्या सुमारे साडेसहा लाख होती. पुढील साडेतीन वर्षांत जवळजवळ तितकेच नवे लोक आले. कोणी मोरोक्कोचे, कोणी रुमानियाचे, कोणी इराकचे, कोणी आपल्या रायगडचे. हिब्रू तर शतकानुशतके केवळ प्रार्थनेची व पोथीची भाषा होऊन राहिलेली. एलिएझर बेन-येहुदा नावाचे गृहस्थ सन १८८१ मध्ये जेरुसलेमला गेले आणि घरात हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलावयाची नाही, असा नेम करून त्यांनी आपल्या मुलाला वाढविले. त्यांनी व त्यांच्यासारख्या अनेकांनी ती भाषा पुन्हा चुलीपाशी आणली. नव्या लोकांना ती शिकविण्यासाठी सन १९४९ मध्ये जेरुसलेमला पहिले "उलपान" निघाले. उलपान म्हणजे प्रौढांची भाषाशाळा. रोज पाच तास, पाच महिने. आणि शिक्षक हिब्रूखेरीज दुसरा शब्द उच्चारणार नाही. एका बाकावर डॉक्टर आणि शिंपी, आजोबा आणि नातू. सर्वांची इयत्ता पहिली.

आमच्या आजी सन १९६४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पती व पाच वर्षांच्या मुलासह गेल्या. मुंबईत पती कारकून होते. त्यांना दक्षिणेकडील वाळवंटात दिमोना या नव्या वसाहतीत घर मिळाले. कोकणातील माणूस! "दाराबाहेर झाड नाही, विहीर नाही, नुसती माती उडते. पहिली रात्र मी रडून काढली," असे त्या म्हणाल्या. पतीला कामाच्या जागी बोलून बोलून वर्षभरात कामापुरती भाषा आली. मुलाला शाळेत सहा महिन्यांत आली. आजी मात्र घरात राहिल्या. उलपानात नाव होते, परंतु पाठीला धाकटे मूल झाले आणि वर्ग सुटला. मग व्हायचे तेच झाले. दुकानात जायचे तर मुलाला बरोबर न्यायचे; दवाखान्यात जायचे तर आपले दुखणे मुलाने डॉक्टरला सांगायचे. "आईचं दुखणं सहा वर्षांच्या पोरानं परक्या पुरुषाला सांगायचं, आणि आईनं मान खाली घालून बसायचं," हे वाक्य आजींनी जसे म्हटले तसे आम्ही येथे सांगत आहोत.

एके दिवशी मुलाने शाळेतून चिठ्ठी आणली. आजींनी विचारले, "बाईंनी काय लिहिलंय?" मुलाने चिठ्ठी डोळ्यांपुढे धरली आणि वाचून दाखविले, "तुमचा मुलगा हुशार आहे, शहाणा आहे." आजींनी आनंदाने त्या दिवशी शिरा केला. आठ दिवसांनी शिक्षिका स्वतः घरी आल्या आणि एका मराठी शेजारणीच्या मध्यस्थीने उलगडा झाला. चिठ्ठीत लिहिले होते की, मुलगा आठवड्यात तीन दिवस शाळेतून पळून जातो. आजी म्हणाल्या, "मी त्याला मारलं नाही. मला वाटलं, लबाड तो नाही, आंधळी मी आहे." त्या रात्रीपासून मुले निजली की त्याच मुलाचे पहिलीचे पुस्तक घेऊन त्या बसू लागल्या. मुलाला सांगितले, "तू माझा मास्तर. मी चुकले तर मला ओरड." त्यानंतर तो शाळा चुकवीनासा झाला, कारण त्याला घरी येऊन आईला शिकवावयाचे असे.

मंडळी, आमची शिकवणी सुरू झाली ती या आजींकडे. पुढे आठवड्यातून दोन दिवस आम्ही बसने रामलाला जात असू. गुरुदक्षिणा म्हणून आम्ही सांगलीची हळद आणि साताऱ्याचे पेढे दिले. हळद त्यांनी कपाळाला लावून घेतली. पेढा मात्र बाजूला ठेवला. दुपारी घरात मटण झाले होते आणि मांसानंतर काही तास दूध वर्ज्य. संध्याकाळी वेळ भरल्यावर त्यांनी तो पेढा चार भाग करून घरात वाटून खाल्ला.

हिब्रूची मूळ अक्षरे बावीस. त्यांपैकी पाच अक्षरांचे रूप शब्दाच्या शेवटी बदलते. मोठ्यांच्या लिखाणात स्वरचिन्हे बहुधा देतच नाहीत. केवळ व्यंजने पाहून वाचावयाचे. काना-मात्रा न देता नुसते "क म ल" लिहावे आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून "कमल" की "कोमल" ते ओळखावे, तसा तो प्रकार. प्रथम आम्हांला हे अशक्य वाटले. परंतु मराठी माणसाला काही सोयीही आहेत. आपण "मी बोलतो" आणि "मी बोलते" असा भेद करतो. हिब्रूतही पुरुष "मेदाबेर" म्हणतो आणि स्त्री "मेदाबेरेत". इंग्रज माणूस येथे अडखळतो, आपण अडखळत नाही. संस्कृतात जसे धातू, तशी तेथे बहुधा तीन-तीन व्यंजनांची मुळे. ल, म, द हे एक मूळ. "लोमेद" म्हणजे शिकतो, "मेलामेद" म्हणजे शिकवितो, "तल्मीद" म्हणजे विद्यार्थी. शिकणे आणि शिकविणे एकाच मुळाचे. आपल्या मराठीतही तसेच आहे. पण अडतीस वर्षे शिकवूनही आम्ही त्याकडे कधी पाहिले नव्हते.

हसण्याचेही प्रसंग पुष्कळ आले. "तोदा" म्हणजे आभार; दुकानदार ते म्हणाला की आमच्या पत्नीला वाटे, हा "थोडा" म्हणतो आहे, आणि ती म्हणे, "थोडा नको, पुरा दे!" "कान" म्हणजे येथे. "दाग" म्हणजे मासा. आणि आजीला तेथे म्हणतात "सवता"! नातवंडाने आपल्याला त्या नावाने हाक मारावी, हे आमच्या पत्नीला काही केल्या रुचेना. परंतु एक शब्द असा भेटला की, त्यापुढे हसू आले नाही. हिब्रूत "मी" या शब्दाचा अर्थ "कोण?" असा आहे. आजी म्हणाल्या, "मास्तर, आम्ही नवीन आलो तेव्हा कुणी दार वाजवलं की आतून विचारीत, कोण? आम्ही आपले बाहेरून म्हणत असू, मी. म्हणजे आतला विचारतोय कोण, आणि बाहेरचाही विचारतोय कोण!" त्या हे हसून सांगत होत्या. परंतु परमुलखात गेलेल्या माणसाची अवस्था याहून नेमकी आम्ही कोठे ऐकलेली नाही.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही, आणि तिचे कारण आज या सभेपुढे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. सन १९८६-८७ च्या सुमारास आम्ही खटाव तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. विहिरी खोदण्याच्या कामावर विजापूरकडील एक कुटुंब गावात आले होते. त्यांचा सात वर्षांचा मुलगा आमच्या वर्गात दाखल झाला. घरची भाषा कानडी. मुलगा भिंतीला टेकून बसे. प्रश्न विचारला की आमच्या ओठांकडे पाही आणि गप्प राही. आम्ही त्याला दोनदा उभे केले, एकदा अंगठे धरावयास लावले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. विहिरीचे काम संपून ते कुटुंब पुढे गेले होते. आम्ही प्रगतीच्या नोंदीत त्याच्या नावापुढे लिहिले, "मंद आहे."

बंधूंनो, तो मंद नव्हता. तो परमुलखात होता. कानडीचे चार शब्द आम्ही शिकलो असतो, निदान "बा" म्हणून त्याला जवळ बोलाविले असते, तर कदाचित तो बोलता. शेजारच्याच जिल्ह्यातील जत तालुक्यात घरोघर कानडी बोलतात, हे काय आम्हांला ठाऊक नव्हते? रेहोवोतच्या जिन्यात हात जोडून उभे राहिलो तेव्हा आम्ही त्या मुलाच्या जागी उभे होतो. फरक इतकाच की, आम्हांला कोणी अंगठे धरावयास लावले नाही.

आणखी एक गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलण्यास अवघड आहे, तरीही बोलतो. बेने इस्रायल मंडळी आपल्याच धर्माच्या देशात गेली, तरी त्यांना सुखासुखी कोणी जवळ केले नाही. आरंभी, सन १९५१-५२ मध्ये, त्यांच्यापैकी काहींनी भेदभावाची तक्रार करून धरणे धरले आणि ते भारतात परत आले. पुढे त्यांतील बरेच पुन्हा गेले. सन १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मपीठाने आदेश काढला की, बेने इस्रायल वधूवरांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी कोकणात शनिवारचा घाणा शतकानुशतके बंद ठेवला, त्यांना विचारले, तुमची आजी कोण होती? सन १९६४ मध्ये या समाजाने मोठे आंदोलन केले आणि त्याच वर्षी तेथील संसदेने, हे लोक सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असे जाहीर केले. आजींचे कुटुंब नेमके त्याच वर्षी तेथे उतरले होते. परंतु आजींनीच आम्हांला हेही सांगितले की, कोकणात असताना त्यांच्या समाजातही गोरे आणि काळे असे दोन भाग होते आणि गोरे काळ्यांशी सोयरीक करीत नसत. "आम्हांला विचारलं तेव्हा कळलं, विचारताना कसं वाटतं ते नाही, ऐकताना कसं वाटतं ते." यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. वधूवर-सूचक मंडळाच्या सभासदांनी ते वाक्य घरी नेऊन त्यावर विचार करावा, इतकेच.

आज त्या देशात मराठीचे काय आहे? "मायबोली" नावाचे मराठी नियतकालिक तेथे निघत आले आहे. बायका एकत्र जमून जुनी कीर्तने गातात. बाजारात पोहे मिळतात. परंतु आजींचा तो मुलगा मराठी बोलतो, वाचत नाही. आणि नातवंडांना समजते ते खाण्याच्या पदार्थांपुरते. आजींच्या कपाटात रेवदंड्याहून आलेल्या आईच्या पत्रांचा गठ्ठा आहे. त्या म्हणाल्या, "माझ्यामागं ही पत्रं वाचणारा कुणी नाही. पोरं टाकणार नाहीत, जपून ठेवतील. पण वाचणार कोण?" हिब्रू शिकण्याचे त्यांना यत्किंचितही दुःख नव्हते. दुःख होते ते एवढेच की, एक भाषा दारातून आत आली तेव्हा दुसरी मागच्या दाराने गेली, आणि आपण पाहत राहिलो. भारतातही, सन २०११ च्या जनगणनेत सर्व ज्यू मिळून पाच हजार भरले नाहीत.

आपल्या भागाला स्थलांतर नवीन नाही. खानापूर-आटपाडीचे, माण-खटावचे आपले गलाई बांधव सोन्याचांदीच्या मुशी घेऊन तामिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाबपर्यंत पोचले. पाऊस नव्हता म्हणून गेले. तेथील भाषा अस्खलित बोलू लागले म्हणून टिकले. आणि जत्रेला गावी येतात म्हणून आपले राहिले. मुशीत सोने वितळते, त्यातील हीण जाते, सोने जात नाही, हे त्यांना आपण काय सांगावे! आता मुले त्याहून लांब निघाली आहेत. सन २०२४ मध्ये आपल्या राज्याचा जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याबाबत करार झाला. तेथे जाणाऱ्याला जर्मन शिकावेच लागते. तेव्हा उपदेश पुरे करून तीन सूचना मांडतो.

पहिली: संस्थेच्या ग्रंथालयाच्या खोलीत दर रविवारी दोन तास परभाषेचा वर्ग सुरू करावा, आणि त्यात केवळ मुलांनी नव्हे, तर त्यांच्या आयांनीही बसावे. सून म्हणून जी मुलगी परदेशी जाते, तिला भाषेवाचून घरात कोंडून ठेवणे हे अन्नावाचून ठेवण्यासारखेच आहे.

दुसरी: ज्यांची नातवंडे परदेशी आहेत, त्यांनी महिन्यातून एक पत्र मोठ्या अक्षरांत, स्वतःच्या हाताने लिहून पाठवावे. दूरध्वनीवर बोलून मुले ऐकावयास शिकतील; वाचावयास शिकतील ती पत्रानेच.

तिसरी: मिरज-कुपवाडच्या कारखान्यांत, वीटभट्ट्यांवर, उसाच्या फडात परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले आज आपल्या शाळांत भिंतीला टेकून बसलेली आहेत. आपल्या ज्ञातीत निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस या मुलांना मराठी बोलावयास शिकवावे. सभेत कोणी म्हणेल, ज्ञातीच्या निधीतून परजातीच्या मुलांना का? त्यास आमचे उत्तर असे की, निधीतला एक पैसाही नको. पाटी-पेन्सिल आम्ही आणू. केवळ खोलीची किल्ली द्यावी. आणि यादीत पहिले नाव आमचे लिहावे. एका मुलाचे आमच्याकडे देणे राहिले आहे. तो आता कोठे आहे हे आम्हांला ठाऊक नाही, म्हणून ते देणे दुसऱ्या मुलांना फेडावयाचे आहे.

निघण्याच्या दिवशी आजींना भेटावयास गेलो. त्यांनी आमची परीक्षा घेतली. दारावरील पाटी वाचावयास लावली. आम्ही बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे, अक्षर अक्षर लावून त्यांचे आडनाव वाचले. हिब्रूत लिहिलेले, परंतु शेवटी "कर" असलेले. त्या म्हणाल्या, "पास!" मग विचारले, "मास्तर, 'मी'ला आमच्या हिब्रूत काय म्हणतात, सांगा." आम्ही म्हणालो, "अनी." त्या म्हणाल्या, "आणि मराठीत आणि म्हणजे काय? अजून एक, जोडीला एक. पोरांना एवढंच सांगा."

त्यांचा निरोप आम्ही आपणांस पोचविला. अध्यक्षमहाशय, घंटा झाली. शिक्षकाने घंटेनंतर बोलू नये.